कोऱ्या चिठ्ठीची मागची बाजू

दफ्तरखान्याच्या वाचनकक्षात मोबाइलने फोटो काढायला परवानगी मिळाली, त्या दिवसापासून सुरगाठबाईंच्या मागे जी कटकट लागली ती तीन वर्षं झाली तरी सुटली नव्हती. हे नाव त्यांना आईवडिलांनी अर्थातच ठेवलेलं नव्हतं. जुन्या कागदांचा गठ्ठा बांधताना फितीला सुरगाठ मारायची, निरगाठ नाही, हे त्या एकोणतीस वर्षं येईल त्याला सांगत होत्या आणि येईल तो निरगाठच मारून जात होता. मग खोली रिकामी झाली की बाई एकेक गाठ नखाने सोडवत बसायच्या आणि ती मारणाऱ्याचा उद्धार करायच्या. उजव्या अंगठ्याचं नख त्यामुळे कायम तुटलेलं असे.

पूर्वी लोक पेन्सिल घेऊन यायचे. एक गठ्ठा उतरवून घ्यायला आठवडा लागायचा, कधी दोन. पण उतरवून घ्यायचं तर वाचावं लागतं, आणि वाचणारा माणूस कागदाला जपून हात लावतो, असं बाईंचं निरीक्षण होतं. आता माणूस येतो, गठ्ठा सोडतो, उभ्या उभ्या चारशे फोटो काढतो आणि घरी जाऊन वाचतो म्हणून निघून जातो. घरी जाऊन कोणी वाचत नाही, याबद्दल बाईंना तिळमात्र शंका नव्हती.

बाईंनी अकरा नियमांची पाटी स्वतःच्या हाताने लिहून भिंतीवर लावली होती. फ्लॅश मारायचा नाही. एका वेळी एकच कागद बाहेर काढायचा, डावीकडून उचलायचा आणि उजवीकडे पालथा ठेवायचा. प्रत्येक फोटोत गठ्ठ्याच्या क्रमांकाची पट्टी दिसली पाहिजे. ही पट्टी तर त्या स्वतः लिहून हातात द्यायच्या, तरी लोक ती खिशात घालून घरी न्यायचे. मग सहा महिन्यांनी फोन यायचा, की बाई, माझ्याकडे एका कागदाचा फोटो आहे, तो कुठल्या गठ्ठ्यातला ते सांगता का? कसा आहे कागद, असं विचारलं की उत्तर यायचं, पिवळा आहे. बाई कपाळाला हात लावायच्या. दफ्तरखान्यात साडेचार हजार गठ्ठे होते आणि झाडून सगळे पिवळे होते.

साहेबांना यातलं काही सांगायची सोय नव्हती. कागदांवर पेन्सिलीने क्रमांक घालून घेऊ या, म्हणून बाईंनी सात वर्षांत नऊ अर्ज केले होते. साहेब म्हणायचे, आता क्रमांकांचं काय घेऊन बसलात, लोकांच्या मोबाइलमध्ये सगळं सुरक्षित आहे. त्यांनी एक योजनाही काढली होती. वाचकाने आपल्या फोटोंची एक प्रत कार्यालयाला द्यायची, म्हणजे स्कॅनिंगचं यंत्र न घेता आपलं दफ्तर आपोआप मोबाइलवर चढेल. तीन वर्षांत एकाही वाचकाने प्रत दिली नव्हती.

एकाने द्यायचा प्रयत्न मात्र केला होता, आणि नेमका तोच माणूस बाईंच्या डोळ्यांत सर्वांत जास्त खुपायचा. तो म्हणजे खटखटेकाका. जमीन मोजण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ आपल्या गल्लीचा इतिहास लिहिणार होते. सात वर्षं लिहिणार होते, पहिली ओळ अजून झाली नव्हती. कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून फोटो निघाला की नाही हे कळायला त्यांनी मोबाइलचा आवाज शेवटपर्यंत वाढवलेला असायचा. सकाळी दहापासून सगळ्या खोलीत खट्, खट्, खट्. वाचणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. ते गठ्ठ्याच्या कापडाचा फोटो काढायचे, फितीचा काढायचे, गाठीचा काढायचे, कागदाची पुढची बाजू झाली की मागचीही काढायचे. पट्टी मात्र हमखास विसरायचे. बाई दररोज जाऊन कॅमेऱ्यासमोर पंजा धरायच्या आणि म्हणायच्या, अहो काका, पट्टी. काका मान डोलवायचे आणि पट्टीशिवाय पुढे चालू करायचे. म्हणून त्यांनी फोटोंची प्रत आणून दिली तेव्हा बाईंनी ती परत केली. पट्टी नसलेला फोटो म्हणजे नसलेला फोटो, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

त्यात एक्केचाळीस नंबरचा गठ्ठा म्हणजे बाईंचा जीव की प्राण. गावाबाहेर पूर्वी तापाच्या साथीचं इस्पितळ होतं, त्याच्या फाटकावरच्या या चिठ्ठ्या. घरच्यांना आत सोडत नसत. फाटकाला एक काचेची खिडकी होती. बाहेरून कोणी चिठ्ठी सरकवायचं, की आमच्या माणसाचं कसं आहे. फाटकावरचा कारकून आत विचारून उत्तर दुसऱ्या चिठ्ठीवर लिहायचा. आतला कागद बाहेर जाऊ द्यायचा नव्हता, म्हणून उत्तराची चिठ्ठी तो काचेला लावून दाखवायचा, आणि मग प्रश्न आणि उत्तर एकापाठोपाठ एक तारेत ओवून ठेवायचा. प्रत्येक चिठ्ठीच्या मधोमध त्या तारेचं भोक होतं. तार केव्हाच गंजून गेली, क्रम तेवढा राहिला. सहाशे बारा चिठ्ठ्या, तारीख एकीवरही नाही, नाव क्वचित. कुठला प्रश्न आणि त्याचं कुठलं उत्तर, हे फक्त त्या क्रमावरून कळायचं.

मधूनमधून सतरा कोरे कपटे होते. शाई लागू नये म्हणून कोणीतरी घातले असतील, अशी बाईंची समजूत होती. खटखटेकाकांनी त्यांचेही पुढून-मागून फोटो काढायला घेतले तेव्हा बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागे काही नाही, आणि पुढेही काही नाही, असं त्यांनी जवळ जाऊन मोठ्याने सांगितलं.

"काही नाही, हे तरी कळेल ना, बाई," काका म्हणाले आणि त्यांनी खट् केलं.

तो बुधवार होता. काका कक्ष बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसले, त्यामुळे बाईंनी चिठ्ठ्या नुसत्या मोजून घेतल्या, क्रम पाहायला वेळ मिळाला नाही. गुरुवारी तोच गठ्ठा बाईंच्या लेकीने मागितला. लेक याच इस्पितळावर पीएच.डी. करत होती, प्रबंध द्यायला दोन महिने उरले होते. शाळेच्या सुट्टीत ती याच कक्षात टेबलाखाली बसून चित्रं रंगवायची, आणि आता त्याच टेबलावर हातमोजे घालून बसते, याचं बाईंना इतकं कौतुक होतं की ते लपवायला त्या तिच्याशी इतरांपेक्षा जास्त कडक बोलायच्या. पण त्या दिवशी लेकीने गठ्ठा परत दिला तेव्हा वर छान सुरगाठ होती. बाईंनी ती पाहिली, आणि एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा आतले कागद न मोजता गठ्ठा फळीवर ठेवला.

सोमवारी त्यांनी तो सहज उघडला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वर सगळ्या निळ्या चिठ्ठ्या होत्या. त्यांच्याखाली पांढऱ्या, मग बदामी, मग वहीतून फाडलेल्या रेघांच्या. एकाच मापाच्या एकत्र, कडेला कड लावून. तळाशी पाकिटात सतरा कोरे कपटे. पेटीत खडू लावावेत तसं कोणीतरी सहाशे बारा चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या.

कोणी केलं हे बाईंना शोधावंही लागलं नाही. कोण, तर खटखट्या. लेकीचं नाव नोंदवहीत त्याच्याच खाली होतं, पण त्या ओळीवर बाईंची नजर ठरलीसुद्धा नाही. कागदांचा क्रम मोडणाऱ्याला सहा महिने कक्षात प्रवेश नाही, हा नियम पाटीवर होता आणि तो त्यांनीच केलेला होता. त्यांनी पत्र लिहिलं, साहेबांनी न वाचता सही केली. काका दुसऱ्या दिवशी दहाला आले, पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले की मी होतं तसं ठेवलं होतं, माझ्याकडे फोटो आहेत, बघून घ्या. बाईंनी हात आडवा केला. पट्टी नसलेले फोटो त्या बघणार नव्हत्या. काकांनी पत्राचा फोटो काढला, पुढून आणि मागून, आणि ते जिना उतरून गेले.

त्यानंतरचे तीन दिवस बाईंनी चिठ्ठ्या आठवणीने लावून पाहिल्या. पहिल्या चाळीसएक लागल्या. पुढे गाडं अडलं. एकोणतीस वर्षांत त्यांनी तो गठ्ठा कितीदा तरी वाचला होता, पण पाठ कुठे केला होता? नऊ अर्जांची आठवण येऊन त्या दातओठ खात होत्या. घरी नवऱ्याने विचारलं की भाजीत मीठ का नाही, तर त्यांनी त्यालाही अकरा नियम ऐकवले. तो शिलाई मशीन दुरुस्त करणारा शांत माणूस, त्याने उठून मीठ घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी लेक प्रबंधाचा चौथा भाग वाचून दाखवायला आईजवळ येऊन बसली. तिचा मुद्दा असा होता की इस्पितळ इतकं भरलेलं असूनही प्रत्येक घराला उत्तर मिळत होतं. उदाहरण म्हणून तिने एक जोडी वाचली. एका गोल अक्षरातली चिठ्ठी, 'पायमोजे पाठवलेत, मिळाले का?' आणि तिचं उत्तर, 'मिळाले. छान बसतात.'

"त्याला उत्तर नाहीये," बाई म्हणाल्या.

"आहे की. हे काय."

"अगं, नाहीये. इतकी वर्षं बघतेय मी. पायमोज्यांच्या चिठ्ठीनंतर एकदम दुसऱ्याच कोणाचा प्रश्न येतो. हे उत्तर तू कुठून आणलंस?"

"निळ्यांत होतं," लेक म्हणाली.

निळ्यांत म्हणजे काय, हे बाईंनी विचारलं खरं, पण विचारतानाच त्यांना उत्तर कळून चुकलं होतं. लेकीने मोकळेपणाने सांगितलं. चिठ्ठ्यांचे रंग वेगवेगळे, मापं वेगवेगळी. दरवेळी मोबाइलमध्ये उजेड बदलावा लागत होता, चौकट बदलावी लागत होती. म्हणून तिने आधी रंगाप्रमाणे आणि मापाप्रमाणे लावून घेतल्या. दोन दिवसांचं काम एका दुपारी झालं. फोटो पण किती स्वच्छ आलेत बघ, ॲप कडा कापून टाकतं, डाग काढून टाकतं, मधलं भोकसुद्धा बुजवून टाकतं. आणि परत ठेवताना तिने सगळ्या नीट लावून ठेवल्या होत्या, आधी कशा वेड्यावाकड्या होत्या.

"कोऱ्यांचे फोटो काढलेस?"

"कोऱ्यांचे कशाला काढू, आई? काही नाहीये त्यांच्यावर."

कोणाला ओरडायचं हेच बाईंना कळेना. लेकीला, की त्या ॲपला, की सुरगाठ पाहून भाळलेल्या स्वतःला. त्यांनी उठून नोंदवहीची ती ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली, बुधवार आणि तिच्याखाली गुरुवार, आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की भाकरी तव्यावर करपली तरी वास आला नाही.

शनिवारी सकाळी त्या काकांच्या घरी गेल्या. दार काकांच्या बायकोने उघडलं. बाई कुठून आल्या हे कळताच तिने आपलाच पाढा वाचायला घेतला. या माणसाने तीन मोबाइल भरलेत. नातीच्या नाचाचा एक फोटो काढा म्हटलं तर जागा नाही म्हणतात. आत बघा, कागद, कागद, कागद. बाईंना पहिल्यांदाच कोणीतरी आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं, पण आज त्या वेगळ्या कामाला आल्या होत्या.

काका समोर येऊन बसले तेव्हा बाईंनी आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, म्हणजे पुन्हा सांगायला लागू नये.

"काका, चूक तुमची नव्हती. माझ्या मुलीने केलंय ते. मी तुमचं ऐकून घ्यायला हवं होतं. मला माफ करा."

"मग मी सोमवारी येऊ का?" एवढंच काकांनी विचारलं.

पण आता त्या बुधवारचे फोटो सापडायला हवे होते. मोबाइलमध्ये तेवीस हजार फोटो, आणि पट्टी कशातच नाही. काकांना स्वतःलाही पत्ता नव्हता. दुरुस्तीत एकदा मोबाइलची तारीख बिघडली होती, ती त्यांनी तशीच ठेवली होती. बाईंच्या जिभेवर आलं होतं, पण आज त्यांनी मूग गिळले. काका बोटाने फोटो सरकवत राहिले आणि एकाएकी बाईंना दिसला पंजा. आडवा, कॅमेऱ्यासमोर, अंगठ्याचं नख तुटलेलं. मग दीडशे कागद, आणि पुन्हा पंजा. दररोज सकाळी त्या पट्टी म्हणून हात धरत होत्या आणि काका तोही टिपत होते. काकांचा एकेक दिवस बाईंच्या हाताने वेगळा झाला होता. असे बरेच हात मागे टाकल्यावर निळी चिठ्ठी आली, मधोमध भोक असलेली. एक्केचाळीस नंबर.

सोमवारी बाईंनी आधी साहेबांपुढे दोन पत्रं ठेवली. एक काकांची बंदी रद्द केल्याचं, दुसरं लेकीला सहा महिने प्रवेश नसल्याचं. साहेबांनी या वेळी मात्र वाचलं. घरचीच मुलगी आहे, प्रबंध तोंडावर आलाय, तोंडी समज द्या, असं ते म्हणाले. बाई म्हणाल्या की घरची नसती तर मी कागद मोजले असते. साहेबांनी सही केली. घरी लेकीने ते पत्र वाचलं आणि ती आईशी बोलेनाशी झाली.

मग चार दिवस काका आणि बाई लांब टेबलाच्या दोन बाजूंना बसले. काका एक फोटो सरकवायचे, मोबाइल वळवून दाखवायचे, बाई ती चिठ्ठी शोधून भोकावर भोक ठेवायच्या. काकांचं मधेच बोट घसरायचं आणि ते वीस फोटो पुढे जायचे. मधेच त्यांना झोप लागायची. बाईंच्या नाकी नऊ आले. पहिला कोरा आला तेव्हा त्या म्हणाल्या, तो राहू द्या, पुढचं दाखवा.

"नाही, इथे कोरा आहे," काका म्हणाले. "हा पुढून. हा मागून."

बाईंनी सुस्कारा टाकून पाकिटातून एक कोरा काढला आणि ठेवला. कडांवरून, डागांवरून नेमका कोणता ते जुळवावं लागलं. कपट्याला मधोमध भोक होतं. कागद आजवर कितीदा हाताळला, पण ते भोक त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. शाई टिपायला घातलेला कपटा तारेत कोण कशाला ओवेल, असं त्यांच्या मनात आलं, पण काका तोवर पुढे गेले होते.

तिसऱ्या दिवशी पायमोजे आले. त्या गोल अक्षराच्या चिठ्ठ्या बाईंना ओळखीच्या होत्या. 'ताप उतरला का?' त्याला उत्तर, 'उतरतोय.' 'भूक लागते का?' 'थोडी. पाय गार पडतात म्हणतो.' 'पायमोजे पाठवलेत, मिळाले का?' आणि मग काकांनी मोबाइल वळवला, त्यात कोरा कागद होता.

बाईंनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली. त्यांनी काकांना पुढचे सगळे फोटो सरकवायला लावले, शेवटपर्यंत. गोल अक्षर पुन्हा आलं नाही. मग त्या उठून पहिल्या कोऱ्याशी गेल्या. त्याच्या आधी तिरप्या अक्षरात कोणीतरी रोज दोनदा विचारत होतं. कोऱ्यानंतर ते अक्षर नव्हतं. त्यांनी सतराच्या सतरा ठिकाणं पाहिली. शाईचा काही संबंध नव्हता. फाटकावरच्या त्या कारकुनाला ते लिहिता आलं नव्हतं, म्हणून त्याने कोरा कागद काचेला लावला होता. आणि मग उत्तर म्हणून तो तारेत ओवला होता, जागच्या जागी.

"काय झालं, बाई?" काकांनी विचारलं. बाईंनी सांगितलं, दोनदा सांगावं लागलं. काकांनी चष्मा काढून पुसला. मग ते म्हणाले की मला वाटलं होतं, तुम्ही म्हणता म्हणजे काही नसेल.

गुरुवारी गठ्ठा पूर्ण झाला. बाईंनी काकांच्या फोटोंची प्रत रीतसर घेतली, नोंदवहीत लिहिली, आणि स्वतःसाठी दुसरी करून घरी नेली. लेक जेवणाच्या टेबलाशी पाठमोरी बसली होती. बाईंनी तिच्यासमोर मोबाइलवर पायमोज्यांच्या चिठ्ठीचा फोटो उघडून ठेवला आणि काय सापडलं ते सगळं सांगितलं. लेकीने ती चिठ्ठी पुन्हा वाचली.

"म्हणजे माझा चौथा भाग चुकलाय."

"हो. तू मेलेल्याला पायमोजे छान बसवलेस," बाई म्हणाल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मी तरी कुठे ओळखलं. प्रबंध लांबला तर लांबू दे, आता सहा महिने आहेत तुझ्याकडे. नीट वाच."

लेकीने पुढचा फोटो सरकवला. कोरा कागद, मधोमध भोक, कोपऱ्यात काकांच्या बोटाची सावली. तिने तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला, वरून खालपर्यंत.

"मागे काही आहे का याच्या?" तिने विचारलं.

"पुढचा बघ," बाई म्हणाल्या. "मागचाही काढलाय त्यांनी."